निळी रेषा कुणाच्या दारातून जाते?

जुलै उजाडला की सांगलीत माणसं एकमेकांना तब्येत विचारायच्या आधी विचारतात, ‘आयर्विनला पाणी किती?’ आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल; तिथं चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पाणी ओसरलं की चिखल काढायच्या आधीच भांडण सुरू होतं, आणि त्याचे फड गेली कित्येक वर्षं दोनच आहेत. एका फडाचं म्हणणं, दोष अलमट्टीचा, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर बांधलेल्या धरणाचा; ते भरलं की पाणी मागं तुंबतं. कर्नाटकानं धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायचं मनावर घेतल्यापासून हा फड जोरात आहे; मोर्चे निघतात, रस्ता रोखला जातो, आणि एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पुढारी एका व्यासपीठावर दिसतात. दुसऱ्या फडाचं म्हणणं, दोष अतिक्रमणांचा. नदीकाठच्या वस्त्या हलवा, शेतजमिनीचे गुंठे घेऊन घरं बांधलेल्या गुंठेवारीवाल्यांना उठवा, मग बघा. दोन्हीकडे शहाणी माणसं आहेत, आकडे आहेत, नकाशे आहेत. तरीही या वादातून दर वर्षी काहीच निघत नाही, कारण दोन्ही फडांनी दोष आपल्या उंबऱ्याबाहेर ठेवलाय. एकानं तो दोनशेहून जास्त किलोमीटर खाली नेला, दुसऱ्यानं दोन गल्ल्या पलीकडे.

मला विचाराल तर खरा प्रश्न असा आहे: सांगलीनं कृष्णेला किती जागा परत द्यायची, आणि ती देताना आधी कुणी उठायचं? जागा द्यावीच लागेल, असं माझं मत आहे. आणि उठायची सुरुवात नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉटातल्या पत्र्याच्या खोलीपासून करू नये. ती सरकारी इमारतींपासून, महापालिकेच्या शिक्क्यानं उभ्या राहिलेल्या नव्या संकुलांपासून आणि बुजवलेल्या ओतांपासून, म्हणजे पुराचं पाणी पसरायच्या सखल पट्ट्यांपासून, करावी.

आधी अलमट्टीवाल्यांचं जे खरं आहे ते मान्य करू. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली ५१९.६० मीटरला मान्यता दिली, धरण त्या पातळीला भरायला लागलं आणि २००५ साली सांगलीत त्रेपन्न फुटांवर पाणी गेलं. हा क्रम डोळ्यांसमोर असताना माणसानं संशय घेऊ नये असं कोण म्हणेल? अभियंते सांगतात की अलमट्टीच्या भरलेल्या जलाशयाची पातळी सांगलीच्या नदीपात्राच्याही खाली आहे, म्हणून फुगवटा इथवर पोहोचत नाही. पण पूर म्हणजे काही तळं नव्हे. वाहतं पाणी उतारावर चालतं, आणि सांगलीच्या खाली कृष्णेचा उतार आधीच जेमतेम आहे. नरसोबावाडीला पंचगंगा येऊन मिळते, पुढे राजापूरचा बंधारा, मग हिप्परगीचा, मध्ये पुलांचे भराव. खाली प्रत्येक ठिकाणी पाणी थोडं थोडं तुंबलं तर वरचं पाणी हळू निघणार, हे समजायला पदवी लागत नाही. त्यात गाळ. त्यात धरणं भरून ठेवायची हाव, कर्नाटकाचीही आणि आपलीही. उंची वाढवायला माझाही विरोध आहे. तो फक्त सांगलीसाठी नाही. पाणी चढलं तर बागलकोटच्या बाजूची आणखी गावं बुडणार आहेत. तिथली माणसंही कृष्णाकाठचीच आहेत, फक्त कन्नड बोलतात. आपल्या मोर्चांत त्यांचं नाव कधी ऐकलंय?

पण आता २०२१ कडे बघा. २०१९ च्या महापुरात आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. त्यातून शहाणं होऊन दोन्ही राज्यांनी बोलणी केली. जून २०२१ मध्ये मंत्री भेटले, विसर्गाचा समन्वय ठरला, कुठल्या धरणातून किती पाणी सुटतंय हे एकमेकांना वेळेवर कळवायचं ठरलं. वर्षानुवर्षं आपण मागत होतो ते बऱ्याच अंशी पदरात पडलं. आणि महिन्याभरात, जुलैच्या शेवटी, सांगलीत पाणी पंचावन्न फुटांच्या आसपास. का? कारण महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. एवढं पाणी डोंगरावरून उतरलं की ते कराडला येणार, कराडहून सांगलीला येणार, वाटेत धरण असो वा नसो. नंदकुमार वडनेरे समितीनं २०१९ नंतर हेच सांगितलं: महापुराचं मुख्य कारण अतिवृष्टी आहे, पूरक्षेत्रातल्या बांधकामांनी नुकसान वाढवलंय, आणि खापर अलमट्टीवर फोडता येत नाही. समितीवर टीका झाली, तिच्या गणितातल्या त्रुटी काढल्या गेल्या, त्यातल्या काही मलाही पटतात. पण टीकाकारांना मी एकच विचारतो. समजा उद्या अलमट्टीचे सगळे दरवाजे कायमचे उघडे ठेवले आणि पाणी पंचावन्नऐवजी बावन्न फुटांवर थांबलं. बावन्न फुटांना बस स्थानक कोरडं राहतं का? कर्नाळ रोडवर होडी लागत नाही का? तीन फूट ही लहान गोष्ट नाही, त्यात हजारो घरं वाचतात, म्हणून भांडा जरूर. पण उरलेल्या बावन्न फुटांचं काय करायचं हेही त्याच सभेत सांगा. ते कुणी सांगत नाही, कारण तिथं शत्रू कानडी राहत नाही, तो आपल्या प्रभागाचा मतदार निघतो किंवा आपल्या पक्षाचा बिल्डर.

हीच पळवाट पुराचं पाणी दुष्काळी भागात वळवण्याच्या योजनेतही दिसते. कल्पना मन मोहून टाकणारी आहे, यात शंका नाही. एकाच जिल्ह्यात पलूसला गावं बुडतात आणि जतला टँकर लागतो. २०१६ साली याच कृष्णेचं पाणी मिरजेहून रेल्वेनं लातूरला न्यावं लागलं. जागतिक बँकेच्या कर्जातून आता पुराचं पाणी वळवण्याचे आराखडे होतायत. ते व्हावेत. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पंप पावसाळ्यात चालवून पूर्वेकडचे तलाव भरावेत, त्याला कुणाचा विरोध असेल? फक्त गणित मांडून घ्या. एक लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट, पाणी चोवीस तास वाहिलं की साडेआठ टीएमसीहून, म्हणजे साडेआठ अब्ज घनफुटांहून, जास्त होतं. महापुरात नदीतून लाखाच्या पटीत पाणी जात असतं. उलट एका दिवसात एक टीएमसी उचलायचं तर साडेअकरा हजार क्युसेकनं अखंड उपसा करावा लागेल, तोही पुरात वीज टिकली तर. जत-आटपाडीची तहान भागवायला ही योजना मोलाची आहे. सांगलीचा पूर तिनं उतरवायचा म्हणाल, तर ते तिच्या आवाक्यातलं काम नाही.

आता दुसरा फड. इथं मला जास्त राग येतो, हे आधीच सांगून टाकतो.

पाटबंधारे खात्याच्या नकाशावर नदीला समांतर दोन रेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी, शंभर वर्षांतून एकदाचा पोहोचतो ती लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी ते लाल या पट्ट्यात अटींवर परवानगी. कागदावर नियम स्वच्छ आहे. आता या रेषा घेऊन सांगलीतून चाला. आत कोण कोण आहे? सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नावं दर पुराच्या पहिल्या बातमीत येतात, ती आहेतच. पण पाणी पुढे सरकतं तसं टिळक चौक येतो, गणपती पेठ येते, मारुती रोड, राजवाडा चौक, स्टेशन चौक, वखारभाग. एसटीचं मुख्य स्थानक येतं. गणेशदुर्गातला तुरुंग येतो. सांगलीची जी चित्रं आपण पाहुण्यांना अभिमानानं दाखवतो, कृष्णाकाठचं गणपती मंदिर, आयर्विन पूल, घाट, ती सगळी पुराच्या पोटात आहेत. मग ‘अतिक्रमण’ हे नाव यातल्या फक्त एका थराला कसं चिकटलं? पाणी दोघांच्या घरात शिरतं. एकाला आपण पूरग्रस्त म्हणतो, दुसऱ्याला अतिक्रमणवाला.

आणि तो दुसरा तिथं आला कसा? रात्रीत पत्रे ठोकून बसलेले काही असतीलही. पण शामरावनगरसारख्या भागाचा इतिहास वेगळा आहे. शेतकऱ्यानं काळी, पाणी धरणारी जमीन गुंठ्या-गुंठ्यानं विकली, स्टॅम्पपेपरवर. घेणारा कोण होता? हमाल, रिक्षावाला, सूतगिरणीतला कामगार, पेठेतल्या दुकानात कामाला असलेला पोरगा. त्याला पैशांत बसेल अशी जमीन शहरानं फक्त सखल भागातच शिल्लक ठेवली होती. मग राज्यानं २००१ साली गुंठेवारीचा कायदा केला, प्रशमन शुल्क भरून घेतलं, घरं नियमित करून दिली. पुढे त्या कायद्याची मुदत २०२० पर्यंत वाढवली. म्हणजे ज्या माणसाकडून सरकारनं ‘तुझं घर कायदेशीर’ म्हणून पावती फाडली, त्यालाच आता ‘तू नदीत बसलायस’ म्हणायचं. दरम्यान, नदी फुगली की पाणी पसरायचं ते सखल पट्टे, ज्यांना इथं ओत म्हणतात, ते भरावानं बुजत गेले. त्यांच्यावर उभं राहिलं ते पत्र्याचं नव्हतं. त्याला आर्किटेक्टची सही होती, बँकेचं कर्ज होतं, महापालिकेचा परवाना होता, पार्किंगचा नकाशा होता. शामरावनगरात पावसाचं पाणी आठवडेच्या आठवडे तुंबतं ते काही तिथल्या लोकांनी आणून ओतलेलं नाही. त्याची जायची वाट दुसऱ्यानं अडवली.

सरकारला हे कळत नाही असं मुळीच नाही. जिल्हाधिकारी कार्यालय राजवाड्यात होतं. ते आता मिरजेच्या वाटेवर विजयनगरला आहे, उंचावर, कोरड्यात. जागा कमी पडली, वाहनतळ हवा होता, कारणं अनेक असतील. पण परिणाम असा की पूर आला तर जिल्ह्याचा कारभार बुडत नाही. उत्तम निर्णय. मी त्याचं कौतुकच करतो. मला फक्त एवढंच दिसतं की कार्यालय हलवताना त्याला कुणी ‘स्थलांतरित’ म्हटलं नाही. त्याला आधी नवी इमारत मिळाली आणि मग जुनी सोडायची वेळ आली. सूर्यवंशी प्लॉटातल्या बाईला आपण नेमका उलटा क्रम सांगतोय: आधी ऊठ, घराचं बघू.

या शहराचा जन्मच बघा ना. १८०१ च्या सुमारास चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि त्यांनी कृष्णेच्या काठी राजधानी वसवली. नदीकाठ निवडणं त्या काळी वेडेपणा नव्हता. पाणी, घाट, उतार, व्यापार सगळं तिथंच. किल्ल्याला खंदक हवा, देवळाला नदी हवी. याच राजधानीत १८४३ साली मराठी रंगभूमीचा पहिला पडदा उघडला. पण जुन्या गावभागातला वाडा बघितलात तर जोतं कमरेइतकं उंच, धान्य माळ्यावर, आणि मधला चौक भिजला तरी चालेल असा. तिथं बांधणाऱ्यांनी पूर गृहीत धरला होता. पुढे शिक्षण आलं, नोकऱ्या आल्या, आणि विसाव्या शतकात ज्यांना जमलं ते पूर्वेला चढत गेले. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ साली विश्रामबागेला निघालं, अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली त्याच बाजूला. म्हणजे शंभर वर्षं सांगली स्वतःचं स्थलांतर करतेच आहे, कुठल्याही शासन निर्णयाशिवाय. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, कारखानदार वर गेले. त्यांनी मागे सोडलेल्या वाड्यांत भाडेकरू आले, मागच्या परड्यांत खोल्या आल्या, आणि परड्यांपलीकडच्या ओतात प्लॉट पडले. जातीनं पाहिलं, धर्मानं पाहिलं, मिळकतीनं पाहिलं, तरी उताराची दिशा साधारण एकच दिसते. ज्यांच्याकडे पर्याय होता ते चढले, ज्यांच्याकडे नव्हता ते उतरले. पुढची पायरी आपण त्यांच्यासाठी अशी ठेवलीय की पोलीस बंदोबस्तात उठायचं.

यावर प्रामाणिक उत्तर असं येतं की, ‘अहो, पण ते खरंच धोक्यात आहेत. त्यांची बाजू घ्यायची म्हणून त्यांना पाण्यात ठेवायचं का?’ हा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे आणि गरिबांच्या नावानं बोलणारे बरेच जण तो टाळतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटली, सतरा माणसं गेली. त्यांच्या गावाला पुरानं चारी बाजूंनी वेढलं होतं आणि निघायची वाट एका बोटीवर आली होती. ‘नदीकाठ आमचा श्वास आहे’ वगैरे भाषणं त्या दिवशी कुणाच्या उपयोगाची नव्हती. जिथं रात्री झोपलेल्या लेकराच्या अंथरुणाखाली पाणी येतं तिथं माणसानं राहू नये. मी ‘कुणाला हलवू नका’ असं म्हणतच नाही. मी विचारतोय की हलवण्याचं वचन देणाऱ्यावर त्यानं विश्वास का ठेवावा?

कारण कृष्णेच्या खोऱ्यात ‘पुनर्वसन’ ही गोष्ट नवी नाही. कोयनेची माणसं उठली त्याला साठ वर्षं उलटून गेली. कुणाला ठाण्या-रायगडकडे पाठवलं, कुणाला सोलापूरकडे. त्यांची पुढची पिढी अजून जमिनीसाठी, सातबारासाठी आंदोलनाला बसते. त्यांच्या गावांवर साठलेल्या पाण्यानं वीज दिली, आणि त्या विजेवर सांगली-मिरजेच्या कारखान्यांचे पट्टे फिरले. वारणेच्या वरच्या अंगाला चांदोलीची गावं उठली, त्यांचीही कथा फार वेगळी नाही. त्यातले काही जण याच जिल्ह्यात आले. वर धरणासाठी उठवलेला माणूस आणि खाली पुरासाठी उठवायचा माणूस, दोघांना दिलेल्या कागदावर भाषा तीच आहे. तो कागद वाचून घाबरणं याला अडाणीपणा म्हणायचं असेल तर म्हणा.

उलट उदाहरणही आपल्याकडे आहे, आणि ते फार लांबचं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्यानंतर गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर, पर्वतीच्या पायथ्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. पूरग्रस्तांना शहराला चिकटून, कामाच्या अंतरात, उंच जागा मिळाली. सुरुवातीची घरं लहान होती, पत्र्याची होती, पाण्याची बोंब होती. पण आज त्या वसाहतींत कुणाला दयेनं बघावं लागत नाही. तिथल्या जागांचे भाव ऐकून आपल्यालाच दया येते, स्वतःची. पुण्याला ते जमलं, कारण त्या पुरात मध्यमवर्गही वाहून गेला होता, हे विसरू नका. आणि पुण्याची दुसरी बाजूही विसरू नका. त्याच पुण्यानं नंतर सिंहगड रस्त्याला नदीच्या कुशीत इमारती चढवल्या आणि जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याचं पाणी एकतानगरीच्या पार्किंगमधून वर आलं. एक पिढी वर नेली, दुसरी परवान्यानं खाली उतरवली. सांगलीत आपण पहिला अर्धा भाग न करताच दुसऱ्याला लागलोय.

अलमट्टीनं बुडवलेल्या बागलकोटातूनही शिकण्यासारखं आहे. तिथं नवनगर वसवलं, माणसं राहायला गेली, पण बाजार बराचसा जुन्या गावातच राहिला. यावरून ‘स्थलांतर फसलं’ असा निष्कर्ष काढणारे काढतात. मला त्यात उलट इशारा दिसतो: घर आणि दुकान यांना एकच नियम लावू नका. पाणी येणार हे कळल्यावर जे काही तासांत उचलता येतं ते खाली राहू द्या. जे उचलता येत नाही ते वर न्या. गणपतीचं मंदिर भिजतं आणि सुकतं. घाट भिजण्यासाठीच आहे. आयर्विनचा पूल १९२९ पासून दर पुरात उभाच आहे, आणि पाण्याची पातळीही त्याच्यावरूनच मोजतो आपण. बाग, मैदान, आठवडी बाजार, वाहनतळ यांना पाण्याचं वावडं नाही. पण दवाखान्यातला रुग्ण, भूमिअभिलेखाचे दप्तर, विजेचं उपकेंद्र, म्हातारीचं अंथरूण यांना आहे. नरसोबावाडीला दत्त महाराजांचं देऊळ दर पावसाळ्यात पाण्यात जातं, पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं तेव्हा, म्हणजे दक्षिणद्वाराला, लोक स्नानाला येतात, आणि पाणी गाभाऱ्याकडे चढू लागलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. देऊळ हलवत नाहीत, नदीला भिंतही घालत नाहीत. देवाला वरची जागा आधीपासून ठरलेली असते, त्याला पंचनाम्याची वाट बघावी लागत नाही.

भिंतीचं नाव निघालंच आहे तर तेही बघून टाकू. सांगलीला नदीकाठानं संरक्षक भिंत हवी, ही मागणी लोकप्रिय आहे, कारण भिंत दिसते. ठेकेदारालाही ती दिसते. घाटाची धूप थांबवायला, काठ सावरायला ठिकठिकाणी ती लागेलही. पण सांगलीत पूर घाटाच्या पायऱ्या चढून येण्याआधी मागच्या दारानं आलेला असतो. नदी वाढली की शेरीनाल्यासारखे नाले उलटे वाहू लागतात आणि सखल वस्त्यांत पाणी शिरतं. नाल्यांना दारं बसवलीत तर आत पडलेला पाऊस आणि गटाराचं पाणी कुठं जाणार? आणि समजा भिंत उंच, भक्कम झाली, तर नदी आपला पसारा आवरून घेणार नाही; ती पलीकडच्या सांगलवाडीत पसरेल, खाली हरिपूरला पसरेल, जिथं वारणा आधीच येऊन तिच्यात मिसळते. हरिपूर-सांगलवाडीची हळदीची पेवं २००५ च्या पुरात नासली. जमिनीत खोल, पोत्यांशिवाय, वर्षानुवर्षं हळद टिकवणारी ती साठवण सांगलीच्या बाजारपेठेचा पाया होती. जिल्ह्याच्या हळदीला भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळालं, पण तोवर पेवांच्या जागा गोदामांनी घेतल्या होत्या. आपली पेठ वाचवायला त्यांच्या दारात आणखी पाणी लोटायचं का? मग अलमट्टीच्या नावानं बोटं मोडायचा अधिकार आपल्याला कसा राहतो?

पेठेतल्या व्यापाऱ्यांची भीती मात्र खरी आहे. पूरक्षेत्र म्हणून शिक्का बसला की कर्ज मिळत नाही, विम्याचा हप्ता चढतो, वाड्याचा पुनर्विकास अडकतो, जागेची किंमत पडते. गणपती पेठेतल्या घाऊक दुकानदारानं २००५, २०१९, २०२१ असे तीन फटके खाल्ले आहेत. त्याला वर ‘तुझं दुकानच चुकीच्या जागी आहे’ म्हणणं क्रूर आहे. पण त्यानंही आता गोदाम वेगळीकडे नेलंय, खाली माल कमी ठेवतो, हवामानाचा अंदाज सराफाच्या भावासारखा बघतो. म्हणजे जुन्या वाड्याचं शहाणपण तो स्वतःच्या खर्चानं पुन्हा शिकलाय. नियमानं त्याला तेच सोपं करून द्यावं: तळमजला मोकळा किंवा भिजता चालेल असा, राहणं आणि साठवण वर, त्या बदल्यात वरचं चटईक्षेत्र. आज परवानगी मिळते ती नेमकी उलट, तळघरात गाळे काढायची.

‘पण रेषाच चुकीच्या आहेत,’ असं बिल्डर म्हणतात, आणि गंमत म्हणजे वस्तीतले लोकही तेच म्हणतात. असतीलही. २०१९ चं पाणी कुठं कुठं पोहोचलं याच्या खुणा शेकडो भिंतींवर आहेत. त्यांवरून रेषा पुन्हा तपासा, उघडपणे, प्रभागात बसून. मला भीती आहे ती बंद खोलीत सरकणाऱ्या रेषेची. रेषा एकदा वाकायला लागली की ती कुणाच्या बाजूनं वाकते हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून क्रम महत्त्वाचा. निळ्या रेषेच्या आत आजपासून एकही नवा परवाना नाही, मग अर्जदार कुणीही असो, महापालिका स्वतः असली तरी. त्यानंतर ओत आणि नाले: जुन्या नकाशांवर ते आहेत, कुणाच्या परवान्यानं बुजले तेही दप्तरात आहे. ते मोकळे करताना पहिला बुलडोझर ज्या भरावावर सगळ्यात महाग बांधकाम आहे तिथं जावा. ते पाडणं कोर्टात अडकेल, वर्षं जातील, मान्य. पण निदान दावा तरी दाखल होऊ दे. मग सरकारच्या ज्या सोयी भिजता कामा नयेत त्या वर न्याव्यात, एसटीचा कारभारही त्यात आला. आणि वस्त्यांचं म्हणाल तर विश्रामबाग ते कुपवाड या पट्ट्यात सरकारी आणि महापालिकेच्या जागा शोधून आधी घरं बांधावीत, मालकी हक्काची, सिटी बस आणि शाळेसकट, आणि मग वस्तीत जाऊन विचारावं. बरेच जण येतील. सगळे येणार नाहीत. भाजीची गाडी लावणाऱ्याला मारुती चौक सुटत नाही. जे मागे राहतील त्यांना पुराचा इशारा, जवळचं उंच निवारा केंद्र आणि बोट हे मिळालंच पाहिजे.

एवढा पैसा कुठून आणायचा, हा शेवटचा आणि रास्त प्रश्न. पण आजही आपण पैसा घालवतोच आहोत. दर महापुरानंतर दहा-पंधरा हजारांचं सानुग्रह अनुदान, त्याच्या याद्या, याद्यांतून सुटलेल्यांच्या नव्या याद्या, औषधफवारणी, चिखलाचे डंपर, बुडालेली रोहित्रं, फेरदुरुस्तीचे रस्ते. कुणीतरी २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांवर सांगली शहरापुरता झालेला हा सगळा सरकारी खर्च एका कागदावर मांडून महापालिकेच्या महासभेत ठेवावा. त्याच्या शेजारी वरच्या अंगाला बांधायच्या घरांचा अंदाजपत्रकी आकडा ठेवावा. अलमट्टीची उंची वाढवायला विरोध करणारा ठराव एकमतानं होऊ दे, मीही हात वर करीन. पण त्याच सभेत, त्याच दिवशी, दुसरा ठराव या कागदावर घ्या, आणि त्याच्यावर कोण कुठल्या बाजूनं बसतं ते नावानिशी नोंदवून घ्या.